सांधा

मुंबईहून कोकणात उतरणारी आगगाडी पनवेल, पेण, नागोठणे ही स्थानके मागे टाकीत कुंडलिकेच्या काठी रोह्याला येते. डब्यातील प्रवाशाला या स्थानकात विशेष काही जाणवत नाही. फेरीवाला येतो, कोणी उतरतो, कोणी चढतो, आणि गाडी पुन्हा डोंगरांच्या दिशेने चालू लागते. परंतु रोहा हे साधे स्थानक नव्हे. कोकण रेल्वे बांधली गेली तेव्हा येथवरचा मार्ग मध्य रेल्वेचा आणि येथून पुढे मंगळुरूजवळील ठोकूरपर्यंतचा मार्ग कोकण रेल्वे महामंडळाचा, अशी वाटणी झाली. २६ जानेवारी १९९८ पासून त्या सबंध मार्गावर गाड्या धावू लागल्या. दोन निराळे कारभार, दोन निराळ्या देखरेखी. तरीही गाडीचे चाक एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जाताना अडखळत नाही. कारण एक गोष्ट दोघांनीही मान्य केलेली असते: रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर, म्हणजे ५ फूट ६ इंच, एवढेच राहील.

हा करार नसेल तर काय होते, हे सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडीने अनेक वर्षे पाहिले. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा रूळ अवघा २ फूट ६ इंच रुंद होता. तो कुर्डुवाडीला मोठ्या रुळाला भेटे. पण ती भेट नुसती शेजाऱ्याची होती. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चढू शकत नसे. प्रवाशांनी गाठोडी सावरीत गाडी बदलायची आणि हमालांनी एका डब्यातील पोती पाठीवर घेऊन दुसऱ्या डब्यात रचायची, असा क्रम चाले. दोन्ही गाड्या चांगल्या होत्या, दोन्ही मार्ग नीट होते. उणीव होती ती केवळ सांध्यात.

माणसाने घडविलेल्या बहुतेक वस्तूंची हीच कथा आहे. वस्तू मोडते असे आपण म्हणतो, परंतु पुष्कळदा मोडत असतो तो दोन वस्तूंमधला सांधा. संगणकाच्या जगात तर याचा अनुभव पदोपदी येतो.

संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर जगभरातील संकेतस्थळे ज्या साधनातून पाहिली जातात, त्याला ब्राउझर म्हणतात. ब्राउझर पाने उघडतो, चित्रे दाखवितो, अर्ज पुढे धाडतो. परंतु सर्वांच्या सर्व गरजा एकाच कारखान्यातून भागत नाहीत. म्हणून १९९५ च्या सुमारास नेटस्केप या ब्राउझरच्या कर्त्यांनी एक युक्ती काढली. ब्राउझरला एक ठरावीक आकाराची खाच ठेवायची आणि त्या खाचेत बसेल असा तुकडा कोणीही तयार करावा, अशी मुभा द्यायची. अशा तुकड्याला प्लगइन असे नाव पडले. पुढे त्याच कल्पनेतून एक्स्टेन्शन नावाची, त्याहून सुटसुटीत अशी जोडसाधने निघाली. कोणी चित्रपट दाखविणारा तुकडा केला, कोणी जाहिराती अडविणारा, कोणी शब्दांचे अर्थ सांगणारा, तर कोणी पानावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारा. ब्राउझर एकाचा, जोड दुसऱ्याचा, आणि वापरणारा तिसराच. हे तिघे एकमेकांना बहुधा कधीच भेटत नाहीत. त्यांना बांधून ठेवते ती फक्त खाचेच्या मापाची कबुली.

मग एके दिवशी ब्राउझरची नवी आवृत्ती येते. तिला अपडेट म्हणतात. रात्री संगणक आपोआप ती उतरवून घेतो आणि सकाळी जोड चालेनासा होतो. काल चालणारी वस्तू आज का चालू नये, असा प्रश्न पडतो. ‘ज्याने चालते घर बिघडविले त्याने ही सुधारणा केलीच कशाला?’ असा रागही येतो. त्या रागात तथ्य असते, परंतु अर्धेच. उरलेले अर्धे समजून घ्यायचे असेल तर पेण तालुक्याच्या खारभूमीकडे पाहावे.

पेणच्या पश्चिमेस खाडीच्या मुखाशी मैलोगणती भातशेती आहे. ती समुद्राकडून मागून घेतलेली जमीन आहे. मातीचा लांबलचक बांध घालून भरतीचे खारे पाणी बाहेर अडविले, तेव्हा कोठे आत भात पिकू लागला. परंतु बांध सर्वस्वी बंद ठेवून भागत नाही. पावसाचे गोडे पाणी आत साचले तर तेही रोपे कुजविते. म्हणून बांधात ठिकठिकाणी उघाडी ठेवितात. ओहोटीच्या वेळी तिचे दार बाहेर ढकलले जाऊन आतील पाणी निघून जाते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तेच दार मिटते. दार हवे, पण ते कोणत्या वेळी, किती आणि कोणत्या दिशेने उघडेल याला नियम हवा. नियम नसलेले दार म्हणजे बांधाला पडलेले भोक.

पहिल्या पिढीची प्लगइने अशीच बिननियमाची दारे होती. एकदा बसविले की प्लगइनला संगणकातील बहुतेक सर्व दालनांत हिंडता येई. सज्जनाने केलेले प्लगइन सुखाने काम करी; पण त्यात चूक राहिली तर त्याच वाटेने चोरही आत शिरे. ब्राउझरांच्या कर्त्यांनी अखेर ती दारे बुजविण्याचे ठरविले. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची प्लगइने चालविणे बंद केले. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये, एक फ्लॅश सोडून, बाकीच्यांना रजा दिली. ज्या फ्लॅशवर एके काळी जगातील असंख्य खेळ, चलच्चित्रे आणि शाळांचे सचित्र पाठ चालत, त्या फ्लॅशचा आधारही त्याच्या कर्त्या कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी संपविला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील मजकूर दिसणेच थांबले. पुष्कळांची गैरसोय झाली, कित्येकांनी परिश्रमाने केलेली कामे अंधारात गेली. परंतु खारे पाणी आत येऊ नये म्हणून जेव्हा बांधाची दुरुस्ती होते, तेव्हा एखादी जुनी पायवाटही बुजते. बदल करणारा नेहमीच दुष्ट नसतो आणि ज्याची वाट बुजली त्याचे दुःखही खोटे नसते.

आता हे दुःख किती खरे असू शकते ते पाहू. समजा, पेणजवळच्या एका शेतकरी कुटुंबात डोळ्यांनी जवळजवळ अंध असलेली एक मुलगी आहे. बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन ती महाविद्यालयात प्रवेश घेऊ पाहते. पानावरचा मजकूर वाचून दाखविणारे एक जोडसाधन तिने आपल्या ब्राउझरला लावले आहे. त्या आवाजाच्या आधारावर ती पुस्तके ऐकते, अर्ज भरते आणि टिपणे साठविते. इतरांना जे डोळे, ते तिला हे साधन. प्रवेश-अर्जाचा शेवटचा दिवस उजाडतो. ती ब्राउझर उघडते, आणि साधन मुके! कळ दाबावी तर शब्द नाही. रात्री अपडेट झालेले असते.

थोरला भाऊ धावत येतो. त्याचे पहिले म्हणणे असे, की हे काढून टाकावे आणि पुन्हा नव्याने बसवावे. घाबरलेल्या माणसाला मोडतोड ही कृती वाटते आणि विचार हा आळस वाटतो. परंतु बहीण त्याचा हात धरते. ‘दादा, काढून टाकलेस तर दोन वर्षांची माझी टिपणेही जातील. आधी काल आणि आज यांत काय बदलले ते पाहू,’ असे ती म्हणते. तिला आजोबांचे बोलणे आठवत असते. शेतात खारे पाणी दिसले की नवखा माणूस जेथे पाणी दिसते तेथेच माती टाकू लागतो. पण पाणी उताराने वाहते. ओले शेत एकीकडे आणि बांधाला पडलेली खांड दुसरीकडेच असते. जाणता शेतकरी ओल्या शेतात राबत बसत नाही. तो बांधावर चढतो आणि कडेकडेने चालत खांड शोधतो.

ती दोघे बांधावर चढली, असे म्हणावयास हरकत नाही. पहिला प्रश्न: आवाज मुळात येतो की नाही? भाऊ एक गाणे लावून पाहतो. ते ऐकू येते. म्हणजे संगणकाचा कंठ शाबूत आहे. दुसरा प्रश्न: हे एकाच संकेतस्थळावर होते की सर्वत्र? दुसरे पान उघडले तरी साधन मुकेच. म्हणजे दोष अर्जाच्या पानाचा नव्हे. तिसरा प्रश्न: दुसऱ्या एखाद्या साधनाशी याचे भांडण तर नाही? बाकीची जोडसाधने तात्पुरती बंद केली. तरी फरक नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम पाहायचा, आणि उपयोग न झाल्यास ती पूर्ववत करायची, हा नियम त्यांनी पाळला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झाले, तर कोणत्या गोष्टीने झाले ते कळत नाही. काम बिघडले तर कशाने बिघडले तेही कळत नाही.

अखेर भावाने जोडसाधनांची यादी उघडली आणि त्या साधनापुढील ओळ वाचली. साधनाच्या नव्या आवृत्तीने एक नवी परवानगी मागितली होती. काही ब्राउझरांत असा नियम आहे, की साधनाने पूर्वीपेक्षा अधिक अधिकार मागितला, तर मालकाचा होकार मिळेपर्यंत ते साधन थांबवून ठेवायचे. नियम रास्त आहे. तो उघाडीच्या दारासारखाच आहे. ब्राउझरने सूचनाही दिली होती. परंतु ती सूचना पडद्यावर नुसती लिहिलेली होती, आणि ज्या साधनाने ती वाचून दाखवावयाची तेच थांबविलेले होते! जिच्यासाठी सूचना, तिलाच ती पोहोचण्याची सोय नव्हती. भावाने मागितलेली परवानगी कोणती ते दोनदा मोठ्याने वाचले, बहिणीने ती विचारपूर्वक मान्य केली, आणि खोलीत तो परिचित आवाज पुन्हा उमटला. अर्ज वेळेत गेला. टिपणेही शाबूत राहिली.

या उदाहरणातील भाऊ-बहीण कल्पित असली, तरी त्यांनी टाळलेले संकट कल्पित नाही. ४ मे २०१९ रोजी, शनिवारी, जगभरातील फायरफॉक्स वापरणाऱ्यांची जोडसाधने एकामागून एक बंद पडू लागली. या ब्राउझरमध्ये प्रत्येक जोडसाधनावर त्याच्या कर्त्या संस्थेची, म्हणजे मोझिलाची, अंकीय मोहोर असावी लागते. त्या मोहोरेची सत्यता पटविणाऱ्या साखळीतील एका प्रमाणपत्राची मुदत त्या दिवशी संपली, आणि ते वेळीच बदलले गेले नव्हते. साधने तीच, ब्राउझर तोच, परंतु साक्षीदाराची मुदत संपताच सगळी साक्ष खोटी ठरली. शिवाय प्रत्येक संगणक ही तपासणी साधारण चोवीस तासांतून एकदा आपापल्या वेळी करीत असल्यामुळे, एकाचे साधन पहाटे बंद पडले तर शेजाऱ्याचे दुपारपर्यंत चालत राहिले. त्यामुळे ज्याच्या त्याच्या मनात आले, की बिघाड आपल्याच घरी आहे. कित्येकांनी निरपराध साधने उपटून टाकिली. मोझिलाने लोकांना विनविले, की साधने काढून पुन्हा बसवू नका, कारण काढताना त्यांत साठविलेली माहितीही नाहीशी होते. दुसऱ्या दिवशी, ५ मे रोजी, दुरुस्त आवृत्ती निघाली. ज्यांनी धीर धरला त्यांचे बहुतेक सर्व परत मिळाले; ज्यांनी घाई केली त्यांचे साधन परत आले, पण साठविलेले धन गेले.

या घटनेतून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, बिघाड दिसताच तो केवळ आपल्याकडे आहे की इतरांकडेही आहे, याची चौकशी करावी. बांध फुटतो तेव्हा पाणी एकाच्या शेतात थांबत नाही. शेजाऱ्याला हाक मारली तर निम्मे निदान तेथेच होते. दुसरी, काहीही काढून टाकण्यापूर्वी आतील ठेव सुरक्षित स्थळी नकलून ठेवावी. ज्याची नक्कल आहे त्याला प्रयोग करण्याचे धैर्य येते.

आणखी एक युक्ती सांगण्याजोगी आहे. कधीकधी जोडसाधने पुष्कळ असतात आणि त्यांपैकी एक इतरांना बाधते. समजा, सोळा साधने आहेत. एकेक बंद करून पाहिल्यास पंधरा वेळा खटपट करावी लागेल. त्याऐवजी आठ बंद करावी. दोष नाहीसा झाला तर गुन्हेगार त्या आठांत. न झाला तर उरलेल्या आठांत. मग त्या आठांपैकी चार, चारांपैकी दोन, दोहोंपैकी एक. अशा रीतीने चार पायऱ्यांत गुन्हेगार सापडतो. साधने बत्तीस असली तरी पायरी एकच वाढते. लांबच लांब नळातील गळती शोधणारा कामगारही मधोमध तपासून हेच करतो. हे गणित पाटीवर सोपे वाटते. परंतु मन गोंधळलेले असताना ते आठवणे यालाच शहाणपण म्हणतात.

मराठी भाषेलाही सांध्याच्या या दुखण्याने एके काळी चांगलेच सतावले होते. संगणकावर मराठी प्रथम आली तेव्हा प्रत्येक फॉन्ट तयार करणाऱ्याने अक्षरांना आपापल्या मर्जीचे क्रमांक दिले. एका फॉन्टमध्ये जो क्रमांक ‘क’चा, तोच दुसऱ्यात ‘म’चा. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे अशा स्वतंत्र फॉन्टांवर चालत. दूरदेशी राहणाऱ्या एखाद्या रोहेकराने आपल्या मुलखाची बातमी वाचावयास पान उघडावे, आणि तो फॉन्ट संगणकावर नसल्यामुळे पडद्यावर निरर्थक चिन्हांचा सडा पडावा, असे होई. अशा वाचकांसाठी ‘पद्म’ नावाचे एक जोडसाधन निघाले होते. आरंभी तेलुगूसाठी आणि पुढे देवनागरीसह इतर भारतीय लिप्यांसाठी ते अशा फॉन्टांतील मजकूर सर्वमान्य युनिकोड संकेतांत उलटवून दाखवी. परंतु जोड हा जोडच असतो. संकेतस्थळाने फॉन्ट बदलला की जोडाला नवे कोष्टक लागे. ब्राउझर बदलला की जोडालाही बदलावे लागे. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती निघाली आणि जुन्या घडणीची जी साधने नव्याने लिहिली गेली नव्हती, ती सर्व एकाच दिवशी निरुपयोगी झाली.

त्या वेळेपर्यंत एक चांगली गोष्ट घडलेली होती. देवनागरीचा समावेश युनिकोडमध्ये १९९१ सालीच झाला होता, आणि हळूहळू मराठी संकेतस्थळे आपापले खाजगी क्रमांक सोडून त्या सर्वमान्य क्रमांकांवर आली. सर्वांनी एकच माप स्वीकारताच मराठी वाचण्यासाठी जोडाची गरजच उरली नाही. कुर्डुवाडीच्या हमालांची कौशल्ये कितीही मोठी असोत, दोन्ही रुळांचे अंतर एक करणे हा त्याहून मोठा उपाय. उत्तम दुरुस्ती ती, जी पुढच्या दुरुस्तीची गरज कमी करते.

तरीही सर्व सांधे जगातून नाहीसे होणार नाहीत, आणि तसे व्हावे असेही नाही. एकट्यानेच सर्व काही करावे अशी व्यवस्था निर्वेध असेल, पण ती दरिद्री असेल. ज्या कंपनीला पेणच्या त्या मुलीसारख्या वाचकाची गरज सुचली नाही, तिच्या ब्राउझरला कोणा परक्या माणसाने वाचा दिली, हे खाच मोकळी ठेवल्यामुळेच शक्य झाले. सांधा ही दुर्बलतेची जागा आहे, आणि सहकार्याचीही तीच आहे. आगगाडीच्या रुळांवर जेथे वाट बदलते त्या जागेलाही मराठीत सांधाच म्हणतात, आणि तो बदलणाऱ्या माणसाला सांधेवाला. गाडीच्या वेगाचे श्रेय सांधेवाल्याला कोणी देत नाही. परंतु सांधा बदलण्यापूर्वी पुढून कोणती गाडी येत आहे ते पाहणे, हे त्याचे पहिले कर्तव्य मानले जाते.

जो बदल करतो त्याने या कर्तव्याचे स्मरण ठेवावे. आपल्या खाचेत कोणाकोणाचे तुकडे बसले आहेत, त्यांवर कोणाचा अर्ज, कोणाचे वाचन, कोणाचे पोट अवलंबून आहे, याचा विचार करून त्याने वेळीच आणि ज्याला ऐकू जाईल अशा भाषेत सूचना द्यावी. ज्याचे काम अडले आहे, त्याने राग गिळून, हातातली वस्तू न मोडता, खांड नेमकी कोठे पडली आहे ते शोधावे. आणि सापडल्यावर ती स्वतःपुरती बुजवून न थांबता बांधाच्या रखवालदारालाही कळवावे. कारण बांध सर्वांचा असतो, आणि भरती काही एकदाच येऊन जात नाही.